केस गळणारच नव्हते

आमच्या ह्यांचं प्रेम उतू जायला लागलं की डोकं चालायचं थांबतं आणि हात चालायला लागतात. हातात बहुधा कात्री असते. कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं सलून आहे आमचं.

त्यांची धाकटी बहीण, केसांत चांदी दिसायला लागली तरी घरात छकुलीच, तिच्या डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. गाठ डोळ्याच्या नसेला टेकली होती. डॉक्टर म्हणाले, तिथे चाकू नको, किरणांनी आटोक्यात आणू. लवकर झालं तर नजर वाचेल. त्यासाठी तिचा मुखवटा केला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवली, ती तिथेच कडक झाली. उपचाराच्या वेळी तो मुखवटा टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही.

त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे आली. जेवताना तिचा हात सारखा केसांवर. इतके दाट, की वेणी मुठीत मावायची नाही.

"गळतील ना रे दादा?"

"गळायची वाट कशाला बघायची? उशीवर पुंजके बघून रडत बसशील. त्यापेक्षा मीच कापतो."

त्यांनी तिला स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसवलं. एवढ्या हलक्या हातानं त्यांनी कुणाचेच केस कापले नसतील. दोघं लहानपणीच्या खोड्या आठवून हसत होती, मधेच डोळे पुसत होती. मी भांडी विसळत होते. भावानं असंच असावं, असं वाटलं मला.

उपचाराच्या दिवशी टेक्निशियन मुलीनं मुखवटा चढवला आणि लगेच काढला.

"केस कापले का?"

"दादानं कापले," छकुली म्हणाली.

"साचा केसांसकट घेतला होता. आता डोकं आत हलतंय. इथे मिलिमीटरचा प्रश्न आहे. सगळं नव्यानं करावं लागेल."

नवा मुखवटा, नवा स्कॅन, डॉक्टरांची नवी आखणी, आणि मशीनपुढे ही रांग.

"पण केस गळणारच होते ना?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो. किरणं गाठीवरच नेमकी जातात. फार तर कानाशी नखाएवढा चट्टा पडला असता."

ह्यांनी भिंतीला पाठ टेकली. मला इतका राग आला होता! एक प्रश्न विचारायला काय जात होतं? पण चेहरा बघितला आणि राग गिळला.

आमची पाळी येईपर्यंत डाव्या डोळ्याला आधी रंग फिके दिसायला लागले, मग नुसत्या सावल्या. उपचार झाले, गाठ वाढायची थांबली. नजर परत आली नाही. उशिरामुळेच गेली असं ठामपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांना काही ते पटलं नाही. छकुलीनं एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

परवा ती सलूनमध्ये आली आणि सरळ खुर्चीत बसली. "वाढलेत रे, जरा नीट कर." हे नको नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही. मी दारात उभी होते. ह्यांनी कात्री दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली, मग कापायला घेतलं.

झाल्यावर डावी बाजू बघायला तिनं आरशासमोर मान उजवीकडे वळवली. "डावीकडचे सारखे आलेत का ते तूच सांग, दादा. मला नाही दिसत."

"आलेत," हे म्हणाले.

आले नव्हते.