चावडीवरचा तांब्या

मी मनात डूख धरून राहणारा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला भला समजायला नको. नऊ वर्षं मी एकाच माणसावर दात धरून होतो. तो माणूस म्हणजे आमच्या गावचे मोठे बागाईतदार आबासाहेब.

गाव अक्कलकोटच्या वाटेवरचं, निम्मं मराठी, निम्मं कानडी. गावाच्या उशाला सरकारी तलाव. माझे वडील शिवयोगी त्या तलावाचे राखणदार. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. राखणदाराला रोज उजाडता दोन कामं. पाणी सोडायच्या मोरीपाशी दगडी खांबावर फूट-इंचाच्या खुणा कोरलेल्या होत्या. पाणी कितव्या खुणेला आहे ते बघून वहीत लिहायचं. आणि काटेरी कुंपणात पितळेचं पावसाचं माप पुरलेलं होतं, त्यात आदल्या दिवशीचा पाऊस किती साठला ते काचेच्या नळीनं मोजायचं. याशिवाय तलावात ज्या शिवाराचं पाणी उतरतं, त्याला कचेरीत पाणलोट म्हणत. त्या पाणलोटात फिरून ओढे मोकळे आहेत ना, एवढं बघत राहायचं. वीस वर्षं अप्पांनी यात एक दिवस खाडा केला नाही. माझ्या बारशालाही म्हणे ते आधी माप बघून आले.

१९२६ सालच्या पावसाळ्यात गोष्ट बिघडली. मापात सव्वादोन इंच पाऊस दिसला आणि तलाव बोटभरसुद्धा चढला नाही. पुन्हा दीड इंच पडला, पुन्हा तेच. अप्पा काठी घेऊन ओढ्याच्या उगमाकडं चालत गेले. वर बाभळवनात आबासाहेबांनी ओढ्यावर आडवा मातीचा बांध घातला होता. गावाच्या तलावाचं पाणी त्यांच्या उसाला आणि केळीला जिरत होतं. सप्टेंबरात अप्पांनी सोलापूरला कचेरीत लेखी कळवलं.

कचेरीचा ओव्हरसियर आला तो ऑक्टोबरात. तोवर आबासाहेबांनी पंचवीस गडी लावून बांध सपाट केला होता आणि वरून नांगर फिरवून हरभरा पेरला होता. ओव्हरसियरनं पंचनामा लिहिला : सदर जागी बांध नाही, जमीन सपाट व पेरलेली आहे. पंच म्हणून खाली पहिली सही आबासाहेबांचीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

मग आबासाहेब चावडीवर म्हणाले, "साहेब, पाऊसच पडला न्हाई तर तलाव चढंल कसा? ह्यो शिवयोगी राती मोरी उघडून आपल्या लोकांना पाणी सोडतो, आन् ते झाकायला मापात तांब्यानं पाणी वततो. चला, दावतो."

सगळे कुंपणापाशी गेले. मापाच्या शेजारी गवतात एक ओला तांब्या पडलेला होता.

अप्पा एवढंच म्हणाले, "तो माजा न्हाय." कुणी ऐकलं नाही. नोकरी गेली. त्या तांब्याच्या गळ्यात आबासाहेबांनी सुतळी बांधली आणि तो चावडीच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. महिन्याभरात वरचा बांध पुन्हा उभा राहिला, पहिल्यापेक्षा हातभर उंच. आणि अप्पांना गावात नाव पडलं, तांब्यापाऊस. आभाळ भरून आलं की पारावरची माणसं हाका मारायची, "काय शिवयोगी, आज किती तांबे?" पुढची चार वर्षं अप्पा खालमानेनं जगले आणि खालमानेनंच गेले. मरताना पण म्हणाले, "चन्नवीर, तो तांब्या माजा न्हाय."

मी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि "व्हय अप्पा" म्हणालो. त्या "व्हय"मध्ये किती खरं होतं, ते पुढं येईलच.

अप्पांच्या जागी आबासाहेबांचा मेहुणा चिकटला होता. मापात चिमणीनं घरटं केलं तरी त्याला पत्ता नसायचा. पाच-सहा वर्षांनी नवा इंजिनिअर आला, त्यानं ते घरटं स्वतः काढलं आणि मेहुण्याला घरी बसवलं. वही लिहू शकणारा, खुणा वाचू शकणारा गावात मीच होतो. तांब्यापावसाचा पोरगा राखणदार झाला म्हणून गाव हसलं. मी हसू दिलं.

१९३५ च्या उन्हाळ्यात सोलापूरहून हुकूम आला. तलाव दर साली रिकामे राहतात, तेव्हा पाणलोटातल्या खाजगी बांधांची यादी करा. १९२६ च्या पावसाळ्यापासून सलग उभे असतील ते बांध राहतील, नंतर घातलेले सगळे फोडायचे. इंजिनिअर स्वतः येऊन चावडीवर चौकशी करणार.

तो कागद मी तीनदा वाचला. मग घरी जाऊन धान्याच्या उतरंडीतलं तिसरं मडकं उतरवलं. त्यात अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, अप्पांचे दोन कागद जपून ठेवले होते. एक त्यांच्या सप्टेंबरातल्या अर्जाची नक्कल आणि दुसरा नोकरी गेल्याचा हुकूम. या हुकुमाला ऑक्टोबरातला पंचनामा टाचलेला होता. त्या रात्री मला भाकरी गोड लागली.

दुसऱ्या दिवशी मी आबासाहेबांच्या मळ्यात गेलो. ते मोटेपाशी बसले होते.

"काय रं चन्न्या? यादी करतोस म्हणं?"

"व्हय जी. तुमचा बांध सव्वीस सालचा लिवला तर ऱ्हाईल. नवा लिवला तर फोडतील."

"मग जुना लिही की!"

"माज्या लिवण्यानं भागंना, आबा. साहेब पुरावा मागतोय. पुरावा एकच हाय. माज्या बापानं सव्वीस सालच्या पावसाळ्यात तुमचा बांध बघून अर्ज केलता. त्याची नक्कल माज्यापाशी हाय. तुमी चावडीत म्हणा, शिवयोगी खरं बोलला हुता. बांध वाचला म्हणून समजा."

आबासाहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग त्यांना हसू आलं.

"आन् तुला काय मिळणार?"

"बापाचं नाव."

"नाव!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आरं, घे की! मेलेल्या माणसाच्या नावाला का पाणी द्यावं लागतंय?"

तीस एकर बागाईत एका मेलेल्या माणसाच्या नावावर वाचत असेल तर कोण नाही म्हणेल? सौदा त्यांना लई स्वस्त वाटला. आपणच सही केलेला पंचनामा त्यांच्या ध्यानातही नव्हता. लोकांना देशोधडीला लावणारे कागद असल्या माणसांना आठवत नाहीत. ते जपून ठेवतात आमच्यासारखे.

चौकशीच्या दिवशी चावडी भरून गेली. बायका वर चढत नाहीत, त्या खाली लिंबाच्या सावलीत उभ्या होत्या. त्यात आमची अव्वा, नागव्वा. मी तिला मुद्दाम आणली होती. आबासाहेबांचं तोंड वाकडं होताना तिनं बघायला पाहिजे, असं मला वाटत होतं.

इंजिनिअरनं आबासाहेबांना विचारलं, "हा बांध कधीचा?"

"सव्वीस सालचा, साहेब. पावसाळ्याच्या आदीचा."

"पुरावा?"

"ह्या पोराच्या बापाचा अर्ज. शिवयोगीनं तवाच बांध बघितला हुता. त्यो खरं बोलत हुता."

चावडीत कुजबुज उठली. मी म्हणालो, "आबा, जरा मोठ्यानं. खाली ऐकू गेलं न्हाई."

आबासाहेबांनी माझ्याकडं रागानं बघितलं, पण तीस एकर डोळ्यांपुढं होते. ते ओरडले, "शिवयोगी खरं बोलत हुता!"

साहेबानं अर्जाची नक्कल वाचली, मान डोलावली आणि यादीत "जुना" असं लिहायला दौतीत टाक बुडवला. तेव्हा मी दुसरा कागद पुढं ठेवला.

"साहेब, ह्यो त्याच सालचा पंचनामा. अर्जानंतर महिन्याभरानं केलेला. सदर जागी बांध न्हाई, जमीन सपाट व पेरलेली. खाली सही बघा कुणाची हाय."

साहेबानं सही बघितली, मग आबासाहेबांकडं बघितलं. "सप्टेंबरात बांध होता आणि ऑक्टोबरात नव्हता. मग मधे काय झालं? की ही सही खोटी?"

आबासाहेब कात्रीत सापडले. खोटी म्हणावी तर सरकारी कागदावर खोटी सही. खरी म्हणावी तर बांध मोडल्याची कबुली. हात दाखवून अवलक्षण. शेवटी ते पुटपुटले, "मोडला हुता... मागनं परत घातला."

"म्हणजे आत्ताचा बांध नंतरचा," साहेब म्हणाले आणि यादीत लिहिलं, फोडणे.

मला नाचावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? ज्या कागदानं माझ्या बापाला खोटं पाडलं, त्याच कागदानं आबासाहेबांचा ऊस वाळणार होता. पण माझं पोट अजून भरलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, एक इनंती. तो भिंतीवरचा तांब्या आबांनी आपल्या हातानं काढावा, आन् खाली जाऊन माज्या आईच्या हातात द्यावा."

साहेबांना आधी समजलं नाही. कुणीतरी सांगितलं, तसं ते आबासाहेबांना म्हणाले, "द्या."

आबासाहेब उठले. चवड्यांवर उभं राहून त्यांनी खिळ्यावरची सुतळी सोडवली. नऊ वर्षांची धूळ त्यांच्या पांढऱ्या पटक्यावर पडली. चार पायऱ्या उतरून त्यांनी तांब्या अव्वापुढं धरला. मी मागोमाग उतरलो. मला ते जवळून बघायचं होतं.

अव्वानं तांब्या घेतला. पदरानं पुसला. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"ह्यो कुणाचा?"

"अप्पांचा की, अव्वा."

"ह्यो आपला न्हाय. आपला घरात हाय. रोज पाणी पितोस की त्यातनं."

तिनं तांब्या उपडा केला, बुडावरून बोट फिरवलं. लग्नाकार्यात भांड्यांवर ठोकून नावं घालतात, तसं काही तिच्या बोटाला लागलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. "हितं काय लिवलंय?"

मी वाचलं. आणि मोठ्यानं वाचलं, "सौ. रंभाबाई आबासाहेब."

आबासाहेब खाली मातीकडं बघत उभे राहिले. कुंपणात तांब्या टाकायला त्यांनी गडी पाठवला असणार, आणि गड्यानं हाताला लागलं ते त्यांच्याच घरातलं भांडं उचललं. पुढं कुणी तो उपडा करून बघितलाच नाही. आबासाहेबांनीही नाही. जे हवं होतं ते समोर दिसल्यावर बुड कोण बघतो?

अव्वाचं आबासाहेबांकडं लक्ष नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती.

"आमी बायका चावडीवर चढत न्हाई, मला कसं कळावं? तू तर रोज हितनं जातोस. नऊ वर्सांत एकदा पण वर बघितलं न्हाईस?"

मी बघितलं नव्हतं. चावडी आली की मी मान खाली घालायचो. कारण, आता सांगतोच, मला आतून वाटायचं की तो तांब्या अप्पांचाच आहे. बापानं पाणी ओतलंच असणार, असं मी चौदाव्या वर्षापासून धरून चाललो होतो. घरातला तांब्या जागेवर होता, तरी हा त्यांचा दुसरा असेल असं समजायचो. बांधाचं ते खरं बोलले, तांब्याचं खोटं बोलले, अशी मी मनात वाटणी करून ठेवली होती. मरताना त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हाचं माझं "व्हय" तेवढ्यापुरतंच होतं.

बांध ज्येष्ठात फुटला. पहिली कुदळ मीच मारली, आणि मारताना मला लई बरं वाटलं. भाद्रपदात तलाव सांडव्याला लागला. आबासाहेबांचा ऊस गेला, केळी गेली. या कशाचंही मला वाईट वाटत नाही.

फक्त घरी जेवताना अव्वा तो तांब्या पुढं ठेवते, अप्पांचा, खरा. मी तो उचलत नाही. तिलाच ओतायला सांगतो आणि ओंजळीनं पितो.