जावयाचा फास्ट बॉल

कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात सुहासिनी टिपणीस यांना सगळे काकू म्हणत, आणि काकूंना जावयाचं कौतुक सांगायला नुसतं निमित्त लागायचं. कुणी "काय काकू, यंदा समर आहे की नाही?" एवढं विचारलं तरी बाई दोन वाक्यांत जपानला पोचायच्या. "आमचे जावईबापू प्रोफेशनल बेसबॉल प्लेयर आहेत हो! पन्नास हजार माणसांपुढे खेळलेत."

खेळला होता, खोटं नाही. किती वेळा, ते मात्र काकू सांगत नसत. तोमोहारू पिचर होता, म्हणजे आपल्याकडचा बोलर. शाळेतून थेट एका मोठ्या क्लबने त्याला उचललं तेव्हा गावाने मिरवणूक काढली होती. पुढची नऊ वर्षं बहुतेक क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये गेली, रिकाम्या स्टँडसमोर. मोठ्या टीमकडून थोड्याशा मॅचेस, त्यात नावावर एक विजय. मग खांदा गेला, ऑपरेशन झालं, आणि एका ऑक्टोबरात क्लबने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं, पुढच्या सीझनला तुमचा विचार नाही. तिकडे ऑक्टोबर म्हणजे हेच, खेळाडूंना काढून टाकायचे दिवस. फोन वाजला की खेळाडूंच्या बायका तो उचलायला धजत नाहीत. तनू, काकूंची एकुलती एक लेक, त्या क्लबच्या गावात शाळेत इंग्लिश शिकवायला गेली होती आणि त्याच्याशी लग्न करून बसली होती. ती नवऱ्याला घेऊन माहेरी परतली. तेव्हापासून पन्नास हजार माणसांपुढे खेळलेला हा माणूस कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका वेअरहाउसमध्ये खोकी लावत होता. उजव्या हाताने जड काही उचलायचं नाही म्हणून डाव्या हाताने.

आणि दोन हजार सातच्या मे महिन्यात जपानहून फोन आला. जुन्या क्लबने बोलावलं होतं!

"अगं मग पेढे वाटायचे की!" काकू ओरडल्याच. "परत खेळणार?"

"खेळणार नाही, आई. बॅटिंग पिचर." तनू जन्मली-वाढली इथली, तिचं मराठी जरा धडपडत चालायचं. "मॅचच्या आधी प्रॅक्टिस होतो ना, तेव्हा बॅट्समनला बॉल टाकायचे. सोपे बॉल. त्यांना मारायला मजा आली पाहिजे, कॉन्फिडन्स आला पाहिजे. रोज शंभर, सव्वाशे. एकाच जागी. इट्स अ प्रॉपर जॉब, आई. खूप अवघड काम असते ती."

काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे लोकांनी झोडपावं म्हणून बॉल टाकायचे?"

"हो. आणि ते त्याला येते. सर्जन काय म्हणालेला माहीत आहे? हळू टाकला तर पन्नास वर्षांचा होईपर्यंत टाकशील. फुल फोर्सने टाकला तर एकच बॉल, मग संपला. म्हणून तर ही जॉब परफेक्ट आहे. जूनच्या फिफ्टीन्थला रिपोर्ट करायचं. आम्ही दोघं जातो, आई."

आम्ही दोघं. ते काकूंना जास्त लागलं. लेक आता कुठे जवळ आली होती, रविवारी जेवायला येत होती, आणि चालली पुन्हा जगाच्या टोकाला. तेही कशासाठी, तर नवऱ्याने दुसऱ्यांकडून मार खायचा म्हणून! काकूंनी रात्री नवऱ्यापाशी, पद्माकरकाकांपाशी, बराच वेळ तणतण केली. काका मोटर-कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला कंजूस. ते एवढंच म्हणाले, "सुहास, पोराचा चेहरा बघितलास का? फोन आल्यापासून तो शीळ घालतोय." आणि कूस बदलून घोरायला लागले.

ते खरं होतं. तोमोहारू रोज कामावरून आला की पार्कात जाई. आधी पळायचा, मग खांदा गरम करायचा, रबराचा पट्टा ताणून, हात गोल फिरवून, चांगला पाऊण तास. मग तारेच्या कुंपणावर टॉवेल टांगून त्यावर हळू बॉल टाकत बसायचा. एकदा काकू त्याला डबा द्यायला गेल्या होत्या. बॉल टॉवेलच्या मधोमध लागत होता, दर वेळी. "आई," तो त्याच्या तुटक इंग्लिशमध्ये म्हणाला, "चांगला बॅट्समन संध्याकाळी होमरन मारतो. पेपरात त्याचं नाव. पण सकाळी त्याला बॉल कुणी टाकला, हे त्याला माहीत असतं." काकूंनी मान हलवली. पटलं काहीच नव्हतं.

त्या वर्षी नेमका अधिक महिना आला होता. धोंड्याचा महिना, जावयाला वाण देण्याचा. काकूंनी ठरवलं, जातोच आहे तर थाटात जाऊ दे. मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांदेखत जावयाला अनारसे द्यायचे. दोन दिवस खपून त्यांनी अनारसे तळले, आणि फोन करकरून सगळ्यांना सांगितलं की आमचे जावई क्लबच्या बोलावण्यावरून जपानला परत चाललेत. कशासाठी बोलावलंय, ते पोटातच ठेवलं.

पिकनिकचा शनिवार ढगाळ निघाला, गार वाऱ्याचा. पार्कात एका कडेला क्रिकेटच्या जाळ्या होत्या. वाण झालं, टाळ्या झाल्या, तोमोहारूने कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला, आणि पुण्याहून नुकताच आलेला अजय, आयटीतला, कॉलेजात ओपनिंग करायचा म्हणे, बॅट घेऊन उठला. "काकू, जावईबापूंची बोलिंग बघायचीय. होऊन जाऊ दे!"

मग काय, सगळेच जाळीकडे. तनू तेव्हा गाडीतून जेवणाचे डबे आणायला कार पार्कला गेलेली. तोमोहारूने जॅकेट काढलं, हात दोनदा फिरवला आणि बॉल टाकायला लागला.

अजयने पहिलाच बॉल मधोमध बसवला. दुसरा त्याहून छान. मग मंजिरीने मारला, तिने जन्मात बॅट धरली नव्हती. मग पोरांनी, मग चक्क सत्तरीच्या अलकाताईंनी साडी सावरून एक टोला हाणला आणि जो हशा पिकला! तोमोहारूही हसत होता. प्रत्येकाची उंची बघून, बॅट कशी धरलीय ते बघून तो बॉल नेमका तिथेच आणून देत होता. आयुष्यातलं सगळं शिकलेलं तो त्या दहा मिनिटांत वापरत होता, आणि ते कळणारं तिथे कुणी नव्हतं.

"काकू," अजय मोठ्याने म्हणाला, "हे पन्नास हजार माणसांपुढे खेळलेत? अहो, असा बॉल तर माझी आजीसुद्धा मारेल!"

पोरगं वाईट नव्हतं, चेष्टा केली त्याने. पण लोक हसले, आणि काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं मिरवलेलं सगळं एका वाक्यात मातीत! त्या तडक जाळीपाशी गेल्या.

"तोमोहारू, शो देम! रिअल बॉल टाका एक. फास्ट!"

त्याने हसून मान हलवली. "आई, नो. शोल्डर."

"एकच हो! वन! नाहीतर हे लोक मला जन्मभर हसतील."

"सुहास, राहू दे," मागून काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!"

तोमोहारूने एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा अजयकडे. हसू गेलं. त्याने टोपी काढून पुन्हा घातली, चार पावलं मागे गेला आणि अजयला हाताने खूण केली की बाजूला हो. अजय "ओके, ओके" म्हणत सरकला. मग तोमोहारू बदललाच. पाय छातीपर्यंत वर गेला, सगळं अंग पुढे आलं, आणि बॉल कुणाला दिसलाच नाही. जाळीचा आवाज तेवढा आला. मागचा लोखंडी खांब थरथरत राहिला.

"आईशप्पथ!" अजय म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरं किंचाळली. काकू तर नाचायच्याच बाकी होत्या. "बघितलंत? बघितलंत ना?" म्हणत त्या वळल्या, आणि पाहतात तो तोमोहारू गुडघ्यावर बसलेला, उजवा हात पोटाशी धरून. चेहरा पांढराफटक.

तनू डबे टाकून धावत आली. तिने नवऱ्याचा हात पाहिला, मग आईला. "कोणी सांगितलं त्याला? हू टोल्ड हिम?" सगळ्यांच्या नजराच गेल्या काकूंकडे.

हॉस्पिटलातून परत येताना गाडीत तनू एकदाच बोलली, आणि तिने मुद्दाम मराठीत बोलायचं ठरवलं असावं, नवऱ्याला कळू नये म्हणून. "तुला आम्ही इथेच पाहिजे होतो ना, आई? आता राहतो आम्ही. तू जिंकला."

काकूंच्या काळजात कट्यार घुसली. असं काही मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं, असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण फोन आला त्या रात्री जळफळत त्यांनीही कूस बदलली होती, लेक जाऊ नये म्हणून देवापाशी तोंड उघडलं होतं, तेही आठवलं. खिडकीतून बाहेर बघत त्या घर येईपर्यंत रडल्या. काकांनी हात धरला तर तो झटकून टाकला.

सोमवारी सकाळी तोमोहारूने जपानला फोन लावला. दिवाणखान्यात उभा राहून, लग्नातला सूट घालून. उजवी बाही रिकामीच लोंबत होती, हात आत गळ्यात बांधलेला. रिसीव्हर डाव्या हातात. पलीकडच्या माणसाला दिसत नव्हतं तरी तो दर वाक्याला कमरेतून वाकत होता. बोलणं फार वेळ चाललं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या. त्यांना एक शब्द कळत नव्हता.

"काय सांगितलं गं त्याने?" त्यांनी तनूला हळूच विचारलं.

तनूने डोळे पुसले. "घरात जिन्यावरून पडलो म्हणाला. सॉरी म्हणाला, माझी केअरलेसनेस. ते म्हणाले काळजी घ्या, दुसरे कोणी बघतो." आणि ती वर निघून गेली.

तोमोहारूने रिसीव्हर जागेवर ठेवला. काकू पुढे झाल्या. इंग्लिश आठवेना, मराठीतच बोलत सुटल्या. "अहो, खरं का नाही सांगितलंत? माझं नाव घ्यायचं. सासूने हट्ट केला म्हणायचं. माझ्यामुळे झालं हो सगळं! मला शिव्या द्या, पण असं गप्प नका राहू!"

त्याला किती समजलं कुणास ठाऊक. तुटक इंग्लिशमध्ये शब्द जुळवत तो म्हणाला, "आई सेड, म्हणून नाही. खांदा गेल्यापासून चार वर्षं कुणी मला फास्ट बॉल मागितला नाही. मला टाकायचा होता." आणि काकूंकडे बघून, "गुड बॉल होता ना?"

हे तो मनापासून बोलत होता की सासूचं ओझं उतरवायला, हे काकूंना कळायला काही मार्गच नव्हता, आणि विचारायचं तोंडही त्यांना उरलं नव्हतं. "फार चांगला होता हो," त्या म्हणाल्या. तोमोहारूने मान तुकवली आणि एका हाताने टायची गाठ सोडवायला लागला. ती सुटेना. काकूंनी हात पुढे केला तसा तो अर्धं पाऊल मागे सरला, आणि मग एकट्यानेच ती गाठ ओढत राहिला.