स्नेहभोजनासहित देणगी

माझ्यामुळं एक बाई रात्रभर जागी राहिली, आणि मी तिच्या उशाशी, पर्समध्ये गुपचूप पडून होते. मी एक प्रवेशिका. गुलाबी, जाड कागदाची. ढोकीकडच्या ऊसतोड कामगारांच्या लेकींसाठी वसतिगृह बांधायचं होतं. त्याच्या मदतीला म्हणून धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात भजनसंध्या आणि स्नेहभोजन ठेवलं होतं. त्याची मी. तुम्ही मला नुसतं तिकीट म्हणालात तरी मी रागावणार नाही. तेच खरं असावं, असा मला जन्मापासून संशय आहे.

तो आला छापखान्यातच. माझ्या तळाशी एक बारीक ओळ होती, 'कलम ८०जीखाली करसवलत.' संस्थेचे खजिनदार शरणप्पा म्हणाले, "ही ओळ जरा ठळक करा." वसतिगृहाचं नाव ठळक करा असं काही ते म्हणाले नाहीत.

शरणप्पांनी मला शिवांजलीच्या हातात ठेवलं. ती शाळेत शिकवते, आणि शरणप्पा तिच्या नवऱ्याचे, मल्लेशचे, सख्खे मामा. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"घे पोरी. पुण्यबी लागतंय, जेवणबी हाय, टॅक्सबी वाचतोय."

एका कागदात तीन लाभ! तिच्या कपाळाला आठी पडली. पण ती तिला स्वतःचीच खोड वाटली. औषधाच्या बाटलीवरची तारीख पुन्हापुन्हा वाचणारी बाई ती. लेकीला थर्मामीटर लावते, आणि ताप निघाला नाही तर थर्मामीटरवर संशय घेते.

"नाव कुणाचं घालू?" शरणप्पांनी विचारलं.

इथं घोटाळा झाला. त्यांच्या घरात दान लेकराच्या नावानं द्यायची रीत आहे. मठात दासोहाला, म्हणजे अन्नदानाला, दर वाढदिवशी लेकीच्या नावाची पावती फाडतात. सवयीनं ती बोलून गेली, "शिवप्रियाचं घाला." आणि माझ्यावर निळ्या शाईनं उमटलं, कु. शिवप्रिया. माझी मालकीण बालवाडीत होती!

कार्यक्रम छान झाला, खोटं कशाला बोलू. दारात माझा एक तुकडा फाडून घेतला, तेवढं सोडलं तर माझी तक्रार नाही. पंगतीत गव्हाची हुग्गी होती, गूळ घातलेली, वर तुपाची धार. शरणप्पा स्वतः कमरेला उपरणं बांधून वाढत फिरत होते.

पुढं शाळेनं करबचतीचे पुरावे मागितले, तेव्हा शिवांजली मला घेऊन करसल्लागार आयुबभाईंकडं गेली. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं.

"मॅडम, जेवलात का तिथं?"

"हो."

"भजन ऐकलं?"

"थोडं. लेक झोपली मांडीवर."

"मग ही खरेदी झाली. पैसे दिले आणि बदल्यात जेवण घेतलं, तर देणगी कशी म्हणायची? शिवाय नुसत्या प्रवेशिकेवर काही होत न्हाय. संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, तुमच्या नावाचं, तुमचा पॅन घातलेलं. या कुमारी कोण?"

"माझी मुलगी."

"मग त्यांनाच पाठवा. रिटर्न भरून टाकू."

ती हसली नाही. परतताना रिक्षात तिला आयुबभाईंचाही संशय आला. फी वाढवायला घाबरवत तर नसतील? मग स्वतःचा आला. एवढी शिकलेली बाई, एक ओळ वाचून भुलली कशी?

मल्लेशनं मामांना फोन लावला. मामा मोठ्यानं हसले. "एवढंच व्हय? उद्या संध्याकाळी नवी पावती आणतो. तिच्या नावाची."

तीच ती झोप उडालेली रात्र. पावतीबरोबर एक कागद येणार होता, असं मामांनी फोनवरच सांगितलं होतं, 'मी कार्यक्रमास हजर नव्हते, कोणताही लाभ घेतला नाही.' खाली तिची सही हवी होती. सही केली, तर वर्गात 'खरं ते लिहा' कोणत्या तोंडानं सांगायचं? नाही केली, तर सुनेचा घरच्या माणसावर भरवसा नाही, असं पाहुण्यारावळ्यांत होणार. मल्लेश म्हणाला होता, "आपलेच आहेत, कर की सही." आणि तो लगेच घोरायला लागला.

आता मी शिवप्रियाच्या खेळण्यांच्या डब्यात असते. ती बाहुल्यांना एसटीत बसवते आणि मला भूमचं तिकीट म्हणून देते. करसवलत काही मिळाली नाही, पण इथं कुणी ती विचारतही नाही. एकच मागणं आहे. वसतिगृहाला द्यायचं असेल तर नुसतं द्या. जेवायचं असेल तर पोटभर जेवा. दोन्हीचा मिळून एक कागद करू नका, लोकांची झोप जाते.

त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. शरणप्पांनी कागद पुढं सरकवला. शिवांजलीनं पेन उचललं आणि हात थांबला.

"मामा, पण मी होते ना तिथं."

"अगं, कोण बघायला येतंय? तू न्हवतीस, लेकरूबी न्हवतं. मला इचारलं तर म्या तुमाला बघितलंच न्हाय."

शिवप्रिया खाली चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली.

"आज्जा, मी नको नको म्हणत होते, तरी तुम्हीच मला हुग्गी वाढली की!"