फायकसवरची वायंडिंग

मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ उकंडरावांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, तेव्हा हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत त्यांना जेवायची फुरसत नसे. आसेगावकडचे शेतकरी जळालेल्या मोटारी आधी बैलगाडीत आणि पुढे मोटारसायकलवर बांधून आणत आणि काम होईस्तोवर पायरीवरच बसून राहत. दुर्गाबाई डबा घेऊन जात, पण डबा उघडायच्या आधी मोटारीच्या खाचांमध्ये तारेखाली घालायचा कागद कापून देत. नवऱ्याचे हात कसे चालतात ते त्यांनी जन्मभर जवळून पाहिलं होतं. तारेला तार चिकटलेली, मध्ये केसाची फट नाही, आणि ओढ अशी की नख लावलं तर तार वाजावी.

म्हातारपणी त्याच हातांना कंप सुटला. दुकान दुसऱ्याला दिलं आणि उकंडराव घरात भिंतीकडे बघत बसू लागले. मुलगी रूपा मानोऱ्याच्या एका बँकेत होती, रोज बसने जाऊन-येऊन करायची. बँकेत नवं फर्निचर आलं तेव्हा कोपऱ्यातली फायकसच्या शोभेच्या झाडाची कुंडी बाहेर काढली. ती रूपाने मांडीवर घेऊन घरी आणली.

"बाबा, याचा बोन्साय होते म्हंतात. करून पाहा."

"बोन्सायले पिंपळ लागते ना?"

"पिंपळाचा बी होते."

"नाई बाप्पा. बोधीवृक्षाले मी कात्री लावत नाई. हेच बरं. याले कोनी हात जोडत नाई."

आसेगाव रस्त्यावर शफीकची नर्सरी आहे. उकंडराव कुंडी घेऊन तिथे गेले, सोबत दुर्गाबाई. म्हाताऱ्याने विचारलं, "शिकाऊ मानसाले हे जमते का?"

शफीक हसला. "काका, शिकाऊ मानसाले याच्याहून बरं झाड नाई. चुकीची फांदी छाटा, दुसरी काढते. पानी द्याले विसरा, पानं टाकते अन् पुना फुटते. याले माराचं म्हटलं तं लय मेहनत लागते. फांदी वाकवाले तार गुंडाळा लागते, ते मातर सैल गुंडाळजा."

चौदा एप्रिलच्या जयंतीआधीच्या आठवड्यात उकंडरावांनी ओसरीवर बसून पहिली तार चढवली. तार दुकानातलीच होती, तांब्याची जाड. दुर्गाबाईंनी कुंडी धरली होती. तार हातात आली आणि त्यांच्या बोटांचा कंप थांबला. दुर्गाबाईंनी ते पाहिलं, पण बोलल्या नाहीत. बोललं तर पुन्हा सुरू होईल अशी त्यांना भीती वाटली. बुंध्यापासून सुरुवात करून उकंडरावांनी फांदी वेढ्याला वेढा लावून शेवटपर्यंत झाकून टाकली.

"शफीक सैल म्हने," त्या हळूच म्हणाल्या.

"सैल वायंडिंग जळून जाते, दुर्गे."

मग दोन्ही हातांनी फांदी डावीकडे खाली वाकवली, मान तिरकी करून पाहिली आणि कितीतरी महिन्यांनी चहा मागून घेतला. जयंतीची मिरवणूक पाहून आले आणि दोन-तीन दिवसांनी, कप हातात असतानाच गेले.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. कपडे वाटले गेले. दुकान आधीच दुसऱ्याचं झालं होतं. हातचं म्हणावं असं घरात एवढंच उरलं, फायकसवरची वायंडिंग. दुर्गाबाई पाणी घालताना कुंडीजवळ दुसऱ्या कोणाला येऊ देत नसत.

पावसाळ्यात फायकसने अंग धरलं. श्रावणात रूपाला दिसलं की साल फुगून तारेच्या बाजूंनी वर यायला लागली आहे. रविवारी ती शफीकला घेऊन आली. त्याने कुंडी उजेडात फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, हे तं काकानं मोटारीची वायंडिंग केली! अशी नाई गुंडाळत. तिरपी, सैल, मंधात बोटभर जागा सोडून गुंडाळा लागते. ही फांदी जेवीन कशी?"

"त्यायले तसंच येत होतं."

"तार आज काढा लागते."

"उलगडून काढशीन?"

"उलगडली तं साल सोलून निंगते. कटरनं तुकडे करा लागतीन."

दुर्गाबाईंनी कुंडी आपल्याकडे ओढली. "मंग नाई."

"माय, काहून अशी करून राह्यली? तुले झाड पायजे का तार?" रूपा म्हणाली.

"तुह्या मोबाइलात बाबाचा आवाज हाये, फोटो हायेत. माह्याजवळ त्यायच्या हाताचं काय हाये, सांग."

शफीक चपला घालता घालता म्हणाला, "उशीर नोका करू, काकू."

भादव्यात त्या एका फांदीची पानं पिवळी पडू लागली. दुर्गाबाईंनी ती वेचून पदरात ठेवली. हे झाड पानं टाकतं आणि पुन्हा फुटतं, असं शफीकच तर म्हणाला होता. फुटेल. त्या रोज पाहायच्या. बाकीच्या फांद्या हिरव्यागार, चकचकीत; वाकवलेली तेवढी उघडी पडत चालली. एका सकाळी त्यांनी तिच्या टोकाला हात लावला तर ते सुरकुतलं होतं.

रूपा बसला गेली होती. दुर्गाबाईंनी पलंगाखालची पेटी ओढली आणि नवऱ्याचा कटर काढला. ओसरीवर फतकल मारून बसल्या. पहिला वेढा तोडायला वेळ लागला. कटर तारेखाली जाईना, साल इतकी वर आली होती. मग तार तुटली आणि टण्णकन फरशीवर पडली. त्यानंतर थांबल्या नाहीत. टोकाला आल्या तेव्हा दिसलं, उकंडरावांनी तारेचं शेवटचं टोक आत दाबून ठेवलं होतं. पाणी घालताना कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून. दुर्गाबाई तिथे कटर धरून बसल्या. शेजारणीने गेटातून हाक मारली, त्यांना ऐकू आली नाही. मग डोळे मिटून त्यांनी तेही तोडलं.

आता फांदी फुटेल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. उरलेली पानंही गळली.

शफीक आला. त्याने नखाने साल खरवडली. खाली हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. पुढे खरवडलं, तिथेही तेच.

"काकू, ही गेली."

"तू आला तवाच काढली असती तं?"

शफीकने म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "नाई काकू. तवा बी वाचली नसती. काकानं आवळली तवाच गेली होती ते. तुमी मनाले लावून नोका घेऊ."

दुर्गाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "त्यायच्या हाताले नाव नोको ठेवू!"

"तसं नाई, काकू..."

"श्रावनात पानं होती का नोयती तिले? हिरवी होती का नोयती?"

"होती."

"मंग? त्यायनं नाई मारली. माह्यानं उशीर झाला. म्हन."

"काकू..."

"म्हन ना, बाप्पा!"

रूपा दारात उभी होती, तिने तोंडाला ओढणी लावली. शफीक जमिनीकडे पाहत पुटपुटला, "तुमचाच उशीर झाला, काकू." तेव्हा कुठे दुर्गाबाई खाली बसल्या.

फांदी बुंध्याशी कापावी लागेल म्हणून त्याने कात्री काढली. ती त्यांनी त्याच्या हातातून घेतली. कापल्याबरोबर बुंध्यातून पांढरा चीक भळभळ आला आणि त्यांच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला.

"याच्या बगलेतून नवी फांदी येईन," शफीक म्हणाला. "दिवाळीपर्यंत पाहा."

"येऊ दे," दुर्गाबाई म्हणाल्या. कुंडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

तो गेल्यावर त्या मोरीत गेल्या. साबणाने चीक निघेना. बोटं एकमेकांना चिकटत होती. दुकान चालू होतं तेव्हा उकंडराव संध्याकाळी वायंडिंगवर लावायच्या व्हार्निशने माखलेले हात पुढे करून याच मोरीच्या उंबऱ्यावर बसायचे. त्या चिंधीवर रॉकेल घेऊन एकेक बोट पुसून द्यायच्या, आणि ते दिवसभराच्या गोष्टी सांगायचे, कोणाची मोटार कशी जळाली ते. घरात आता रॉकेल नव्हतं. दुर्गाबाईंनी खोबरेल तेलाची बाटली घेतली, उंबऱ्यावर बसल्या आणि एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळू लागल्या.

"माय, मी देऊ का पुसून?" रूपाने विचारलं.

"नोको," त्या म्हणाल्या. "तू भात लाव."