खिशातल्या चिठ्ठ्या

कळमन्याच्या रस्त्यावर दुर्गेशच्या वजनकाट्यासमोर संत्र्यांचे ट्रक पार चौकापर्यंत लागले होते. पावतीचा कागद संपला की भावनाने लिहिलेला प्रोग्राम अर्ध्यातूनच बाहेर पडायचा. मग काटा अडकलेला, फाटक बंद, आणि ट्रक आतच.

"ताई, तुमचा प्रोग्राम माह्या सासऱ्यावानी आहे," दुर्गेश म्हणाला. "एकदा बसला का उठत नाही. आज अटकला, तर उद्यापासून मी आपला हातानंच लिहितो."

तिचं सात महिन्यांचं काम पणाला लागलं होतं. भावनाने तिथेच स्टुलावर बसून कोड उघडला. फाटक लावा, काटा धरा, वजन घ्या, पावती छापा. आणि सगळ्यात खाली, काटा सोडा, फाटक उघडा. मध्ये काही बिघडलं तर त्या शेवटच्या दोन ओळींपर्यंत प्रोग्राम पोचतच नव्हता.

तिचे बाबा, लहानूजी, खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं होते. झडप उघडण्याआधी ती बंद करण्याची चिठ्ठी लिहून ते खिशात टाकत. पाळी संपली की एकेका चिठ्ठीवरचं काम करत खिसा रिकामा करायचा, सर्वांत वरची चिठ्ठी आधी. घरी पाण्याची मोटर लावतानाही तेच.

"बाबा, आधीच काहून लिहिता?"

"नंतर घाई असते वं. घाईत माणूस उघडलेलं विसरते."

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातून त्यांचा शर्ट तेवढा घरी आला. तिने खिसा चाचपला. रिकामा होता.

तिच्या प्रोग्रामच्या भाषेत त्या चिठ्ठीला शब्द होता: डिफर. ही ओळ आत्ता नको; इथून कसंही बाहेर पडलो तरी, पडताना चालव. 'फाटक लावा'च्या लगेच खाली तिने 'फाटक उघडा' डिफर केलं, 'काटा धरा'च्या खाली 'काटा सोडा'. शेवटची चिठ्ठी आधी निघणार होती: काटा सुटेल, मगच फाटक उघडेल.

"घ्या पुढची गाडी," ती म्हणाली, आणि प्रिंटरमधला कागद तिने स्वतःच काढून घेतला.

"अवो ताई, काय करून राहिल्या!"

ट्रक काट्यावर चढला. वजन आलं. प्रिंटरचा लाल दिवा लागला, प्रोग्राम अर्ध्यातून बाहेर पडला. स्क्रीनवर उमटलं, 'काटा मोकळा'. मग फाटकाचा दांडा सरसर वर गेला.

"सासरा उठला!" दुर्गेश ओरडला. त्या एका गाडीची पावती त्याने हाताने लिहिली, तीही हसत हसत.

दुपारपर्यंत एकसष्ट ट्रक गेले. कागद दोनदा संपला, पण रांग थांबली नाही. शेवटच्या ट्रकमागे धूळ बसली तेव्हा भावनाचा हात बाबांच्या सवयीने कुर्त्याच्या खिशाकडे गेला. रिकामा. ती मोठ्याने हसली.