न उच्चारलेले तीन शब्द

पेरिझात माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत रजया कमी आणि वायरी जास्त होत्या. एका हाताने पीठ मळायचं, दुसऱ्या हाताने लॅपटॉपची बटणं दाबायची, अशी तिची तऱ्हा. अपा, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणायच्या, "ही नान पीठ लावून करते की वीज लावून?" मला ती एजे म्हणायची, म्हणजे ताई. मला ती पहिल्या आठवड्यातच आवडली, पण तसं मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या कोचकोर गावात थोरल्या जावेने जरा आब राखून असावं लागतं.

ऑगस्टमध्ये तिने मला फोनवर एक जाहिरात दाखवली. राजधानीत, बिश्केकला, सहा महिन्यांचा वर्ग, खेळ कसे बनवतात ते अगदी पहिल्यापासून शिकवणार. फी नाही, राहायला खोली. वयाची अट चोवीसपर्यंत. तिला डिसेंबरात पंचवीस पूर्ण होणार होती.

"नवरा काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो तिथेच इमारतीवर काम करतोय ना, एजे. म्हणाला, ये. अपाचं तू बघ."

सासूबाईंना तिने शिवणकामाचा वर्ग म्हणून सांगितलं. मीही मान डोलावली. देव मला क्षमा करो.

अर्जासोबत आपलं काम जोडून पाठवायचं होतं. एक कागदावरचा खेळ, एक कॉम्प्युटरवरचा, कोणी कोणी खेळून पाहिला आणि कुठे अडलं त्याची टिपणं, आणि शेवटी तीन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात अर्जदाराने स्वतःच्या आवाजात खेळ समजावून सांगायचा, मध्ये कुठे कापाकाप नको. कागदाचा खेळ तिने चहाच्या खोक्यांचे पत्ते कापून केला. तो बरा होता. पण कॉम्प्युटरवरचा! तो बघून मी पोट धरून हसले, आणि मग मला कसंतरीच झालं.

खेळाचं नाव 'सून'. पडद्यावर एक सून असते, तिला घरभर कामं सांगतात आणि तिने उत्तरं द्यायची असतात. फक्त सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं तोंडात येता कामा नयेत, आणि त्या नावांत दडलेले शब्दही नाहीत. आडवाटेने बोलायचं, आमच्याकडच्या खऱ्या सुनांसारखं. तीनदा चुकलं की चहाचं टेबल उलटतं आणि सगळ्या वाट्या फुटतात. मी अकरा वेळा खेळले आणि नऊ वेळा वाट्या फोडल्या. चौदा वर्षं सून असलेली बाई मी! पेरिझातने ते टिपणात लिहून घेतलं आणि वर मलाच म्हणाली, "एजे, तुझ्यापेक्षा टपालवालीला जास्त गुण पडले."

नावं मात्र तिने आमच्या घरातलीच घातली होती. सासऱ्यांच्या नावात मेंढीचं पिल्लू आहे. माझ्या नवऱ्याच्या नावात लोहार ठोकतो ती वस्तू. आणि चुलतसासऱ्यांच्या नावात, कुत्रं अंगावर आलं की आपण वाकून उचलतो ते.

"अगं, खोटी नावं घालायची!"

"खोट्याने गंमत जाते, एजे. आणि लिहायला काय होतंय? लिहिणं म्हणजे नाव घेणं थोडंच."

हेच चुकलं तिचं. तिच्या हाताला काही वाटलं नाही, म्हणून तिला वाटलं जिभेलाही वाटणार नाही.

बाकी सगळं बुधवारी गेलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचची मुदत, आणि व्हिडिओ शुक्रवारवर येऊन ठेपला, कारण गुरुवारी घरात लोकर धुवायची होती. आम्ही गावच्या वाचनालयात गेलो. त्या दिवशी वरच्या आळीत मयताचं जेवण होतं, सगळं गाव तिकडे. वाचनालयवाली किल्ली देऊन तीही गेली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी फोन धरला.

"माझं नाव पेरिझात. हा खेळ माझ्या घरातला आहे. पहिल्या पायरीवर सुनेला सांगतात, अंगणातून ते... ते आण..."

ती थांबली. हसली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच अडलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले आणि ओठ जुळवले. आवाज फुटेना. कानापर्यंत लाल झाली.

"कोणी नाहीये गं इथे," मी म्हटलं.

"माहितीये. मला माहितीये, एजे. तरी येत नाही."

साडेचार वाजले. ती माझ्याकडे वळली. "तू वाच ना. दुसऱ्याने खेळलेलं चालतं, नियमात आहे. मी समजावते, तू फक्त ते तीन शब्द वाच."

मी पडद्याकडे पाहिलं. तीन शब्द, काळे ठळक. तोंड उघडलं. मग म्हणाले, "माझे नान भट्टीत आहेत, जळतील." भट्टी त्या दिवशी पेटवलीच नव्हती, आणि ते तिलाही ठाऊक होतं. तेवढं एक वाक्य तिने मला सुनावायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

शेवटी तिने आडवाटेनेच बोलून व्हिडिओ पुरा केला. "मेंढीच्या पोटचं", "भात्यावर लाल होणारं", "वाकून उचलायचं". एकही चूक नाही. स्वतःचाच खेळ ती तीन मिनिटं जिंकत राहिली. पाचला चार मिनिटं कमी असताना व्हिडिओ गेला.

उत्तर सोळा दिवसांनी आलं. तिने ते मला वाचून दाखवलं, अगदी सपाट आवाजात. "कल्पना वेगळी आहे. परंतु अर्जदाराला स्वतःच्या खेळातल्या साध्या वस्तूंची नावंही सांगता आलेली नाहीत. तयारी अपुरी वाटते. पुढच्या वर्षी अवश्य प्रयत्न करावा."

"लिहून कळव त्यांना! रीत काय ते सांग!"

"लिहिलं. निकाल बदलत नाही म्हणाले."

मी शिव्या घातल्या त्या शहरातल्या पोरांना. त्यांच्याही आज्या कधीतरी सुना होत्या की नाही? पण खरं सांगायचं तर राग त्यांचा नव्हता.

मधल्या काळात तिने तो व्हिडिओ नवऱ्याला पाठवला होता, कसा वाटतो विचारायला. त्याने कौतुकाने आईला पाठवला. आता शिवणकामाचं बिंग फुटणार म्हणून मी घाबरले. पण सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि डोळे पुसले. रविवारी आळीतल्या बायकांना चहाला बोलावलं.

फोन हातोहात फिरला. "बघा! कोणी बघायला नाही, ऐकायला नाही, आणि तरी माझ्या सुनेच्या तोंडून एक नाव निघालंय का?"

"नशीब लागतं गं अशी सून मिळायला."

"आमची तर सासऱ्याला नावाने फोन लावते!"

सासूबाईंनी सुनेच्या मानाचा नवाकोरा पांढरा रुमाल काढला आणि पेरिझातच्या डोक्याला बांधला. ती रीतीप्रमाणे वाकली. सगळ्यांनी आशीर्वाद दिले: या घरातून तुझा पाय कधी न निघो.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आजींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "पण पोरगी दाखवतेय काय हे?"

"कोण जाणे," सासूबाई म्हणाल्या. "तिचं काहीतरी असतं त्या मशीनवर."

आजींनी पेरिझातकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी सांगू शकले असते, मी अकरा वेळा खेळले होते.

"काही नाही, आजी," पेरिझात म्हणाली, आणि त्यांची वाटी घेऊन चहा ओतायला लागली.