कोइवेखालची अळंबी

फ्रोइलान कायूपानच्या घरात अळंबीचे दोनच नियम होते, आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिला नियम झाडाचा: कोइवेच्या झाडाखाली उगवेल ते आपलं, परक्या झाडाखालच्याला हात लावायचा नाही. दुसरा माणसाचा: ओळख पटत नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने आधी खायचं, रात्र काढायची, आणि सकाळी त्याच्या घशाखाली माते, म्हणजे रोजचा कडवट पाल्याचा काढा, नीट उतरला तर बाकीच्यांनी तव्याकडे बघायचं. त्याच्या आईने असं खाल्लं होतं, तिच्या बापानेही. कुणी मेलं नव्हतं. या डोंगरातली वाईट अळंबी तशी स्वभावाने सरळ. जिभेला कडू लागते, नाहीतर रात्रीच पोट ढवळून काढते आणि मोकळी होते. इथली झाडं, इथली अळंबी आणि इथली माणसं एकमेकांच्या खोड्या फार जुन्या काळापासून ओळखून होती.

त्या एप्रिलात फ्रोइलानने टोपलीतून जी आणली ती फिकट हिरवट टोपीची होती, देठाशी पांढरी पिशवी असलेली.

"ही ओळखीची नाही, बाबा," त्याची मुलगी ओर्तेन्सिया म्हणाली.

"कोइवेच्या मुळाशी होती. आपल्यातलीच असेल कुणीतरी, लांबची."

"लांबच्या नातेवाइकांनी आजवर आपलं काय भलं केलंय?"

पण फ्रोइलानला लांबच्या नात्यांचं भारी कौतुक. आदल्या वर्षी कोन्सेप्सिओनहून अळंबीचा अभ्यास करणारी एक बाई त्यांच्याकडे उतरली होती. कोइवेची चुलत भावंडं समुद्रापलीकडे टास्मानियात आणि न्यूझीलंडमध्ये आहेत, आणि इथे फांद्यांवर जशी नारिंगी अळंबी फुगते तशीच तिथेही फुगते, असं तिने सांगितलं होतं. कधीकाळी सगळी जमीन एक होती. ती फाटली तेव्हा झाडं आपापली अळंबी घेऊन वेगळी झाली. "अळंबी झाडाला धरून असते, आजोबा. पण नवं झाड रुचलं तर तेही धरते," बाई म्हणाली होती. यातलं पहिलं वाक्य फ्रोइलान येईल त्याला ऐकवायचा. दुसरं त्याने कानाआड केलं होतं.

संध्याकाळी त्याने कांद्यावर परतून खाल्ली. चव सुरेख होती. सकाळी माते नीट उतरला. ओर्तेन्सियाला अळंबीचा वासच सोसत नसे आणि जावई सेगुन्दो लाकडाच्या गिरणीवर गेलेला, म्हणून उरलेली सगळी आठ वर्षांच्या नोएमीने पावाशी खाल्ली आणि तवाही पुसून घेतला. आजोबांना ती चेडकी म्हणायची, आणि तोही नातीला चेडकीच म्हणायचा. त्यांच्या बोलीत आईच्या बापाला आणि नातीला हाक एकच.

दुपारी फ्रोइलानला उलट्या सुरू झाल्या. बादलीवर ओणवा असतानाच त्याच्या मनात आलं, की आपल्या पोटात आत्ता जे चाललंय ते पोरीच्या पोटात वाट बघतंय. नोएमी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती, आणि अंधार पडल्यावर तिलाही ओकारी आली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिला दवाखान्यात न्यायला सेगुन्दोने पिकअप सुरू केली. तोवर म्हाताऱ्याचं सगळं थांबलं होतं. तो भिंत धरत बाहेर आला.

"कुठे नेतोस तिला एवढ्या खड्ड्यांतून? मी तिच्या पुढे चालतोय. माझं थांबलं, संध्याकाळपर्यंत तिचंही थांबेल."

सेगुन्दोने इंजिन बंद केलं. संध्याकाळी नोएमीचं खरंच थांबलं. सासऱ्याचं म्हणणं तंतोतंत खरं झालं म्हणून जावयाने गिरणीवर चार जणांना ते सांगितलं.

मंगळवारी फ्रोइलानला इतकं हलकं वाटलं की तो पाय मोकळे करायला कोइवेपाशी गेला. तिथे तसलीच आणखी उगवली होती. एक, पुढे दोन, पुढे पाच. तो त्यांच्या मागोमाग उतरत गेला. ओहोळाच्या अलीकडे होती, पलीकडे होती, कुंपणाच्या तारेखाली होती. कुंपणापलीकडे जमीनदाराच्या पणजोबाने युरोपातून आणलेले ओक उभे होते, आणि त्यांच्याखाली तर पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रोइलानने वळून वर पाहिलं. ती ओळ सरळ त्याच्या घराकडे जात होती. वर्षानुवर्षं ती मुळामुळांतून, मातीखालून, झाड बदलत चढत आली होती, आणि त्याला दिसली ती पोचल्यावरच. तिने आपल्या खोड्या दुसऱ्या रानात, दुसऱ्या माणसांत घडवल्या होत्या. ती पोट ढवळून मोकळी होते की आत बसून राहते, हे इथे कुणाला ठाऊक असणार? त्याच्या आईच्या नियमालाही ते ठाऊक नव्हतं. तो फार घाबरला. घरी आला तर नोएमी दोरीवरच्या उड्या मारत होती, आणि तिच्याकडे पाहून त्याने स्वतःचीच समजूत घातली.

बुधवारी सकाळी तोंड धुताना त्याने खिडकीतल्या आरशात पाहिलं. डोळ्यांचं पांढरं सगळं पिवळं झालं होतं. मागे टेबलाशी नोएमी दुसरा पाव मागत होती.

"ओर्तेन्सिया, सेगुन्दोला गाडी काढायला सांग. पोरीला तेमुकोच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय."

"तिला काय धाड भरलीय? खातेय बघा कशी. बरं वाटत नसेल तर तुम्हाला नेऊ."

"मला न्या, नका नेऊ. तिला आत्ता न्या."

"परवा तुम्हीच गाडी थांबवलीत, बाबा."

"थांबवली. माझी अक्कल तेवढीच होती," तो म्हणाला. त्याने मुलीचं मनगट धरून तिला उजेडात ओढलं आणि बोटाने स्वतःची खालची पापणी ताणली. "नीट बघ. हे उद्या तिचं आहे."

ओर्तेन्सियाने बघितलं. मग वळून लेकीकडे बघितलं. नोएमीचे डोळे स्वच्छ पांढरे होते. ओर्तेन्सियाने तिच्या हातातला पाव काढून टेबलावर ठेवला आणि तिला उचलून कडेवर घेतलं.

"सोड ना, आई. मला काहीच झालेलं नाही," नोएमी रडायला लागली. "चेडकी, सांग ना हिला, मी बरी आहे."

"बरी आहेस," फ्रोइलान दार उघडत म्हणाला. "म्हणूनच पळायचंय."